फणीचे दोन तुटलेले दात

पत्र

आदरणीय ताई,

मी चित्रकार आहे. बारा वर्षं पुस्तकांची, जाहिरातींची, वेष्टनांची चित्रं काढून घराला हातभार लावला. गेले नऊ महिने काम जवळजवळ थांबलं आहे. ज्यांच्याकडून नेमाने काम यायचं त्यांचेच धंदे बसले, त्यामुळे रागवायचं कुणावर तेही कळत नाही.

पहिले दोन महिने नुसते बसून काढले. मग एका रात्री समोरचा जुना कंदील काढायला घेतला आणि तेव्हापासून रोज एक ना एक वस्तू काढते. लाकडी फणी, चिंध्यांची बाहुली, झाकणावर फुलं रंगवलेला पत्र्याचा डबा. मागे काही नाही, कल्पनेचं काही नाही, दिसतं तसं. चाळीसेक चित्रं झाली.

माझ्याबरोबर शिकलेला मित्र म्हणतो, ‘ही नक्कल झाली. यात तू कुठे आहेस?’ धाकटा भाऊ म्हणतो, ‘मोबाइलवर फोटो काढ, दोन मिनिटांचं काम.’ नवरा काहीच म्हणत नाही, पण बिलं तो भरतो आणि घरी आला की मी फणी रंगवत बसलेली त्याला दिसते. 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेच्या सरकारनेच चित्रकारांना असं काम दिलं होतं, असं मध्यंतरी वाचलं. ते खरं काम होतं की बेकारांचे हात गुंतवून ठेवायची सोय? आणि मी हे जे करते आहे ते काय आहे?

एक कबुली देते. फणीचे दोन दात तुटलेले आहेत. चित्रात मी ते पूर्ण केले.

— एक चित्रकार, वय 36

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

ते खरं काम होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मित्राला, भावाला आणि नवऱ्याला काय सांगायचं ते त्या कामाकडे नीट पाहिलं की आपोआप सुचत जाईल.

त्या कामाचं नाव होतं ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंची चित्रांतून केलेली सूची. 1933 मध्ये अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे साधारण एक बेकार होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने 1935 मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ सुरू केलं. नुसती मदत वाटत बसण्यापेक्षा काम द्यायचं आणि कामाचा पगार द्यायचा, हा त्यामागचा विचार. रस्ते, पूल आणि शाळा बांधणाऱ्यांच्या यादीत चित्रकार आणि शिल्पकारही आले. त्यांच्यासाठी ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ हा वेगळा विभाग होता आणि होल्गर केहिल त्याचे प्रमुख होते. केहिल जन्माने आइसलँडचे. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सामान्य कारागिरांच्या कलेचं प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं. दुकानावरची पाटी किंवा छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा गंभीरपणे पाहायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण कल्पना त्यांची नव्हती, आणि ती कुठून आली हे तुमच्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचं आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत चित्रांचा एक मोठा संग्रह होता. रोमाना जॅविट्झ या बाई 1929 पासून तो सांभाळत होत्या. कापडाचे नमुने करणारे, नाटकाचे पोशाख शिवणारे, जाहिराती काढणारे सगळे तिथे संदर्भ शोधायला यायचे. युरोपातल्या एखाद्या प्रांतातला जुना पोशाख मागितला तर रंगीत चित्रांचे खंडच्या खंड निघायचे. आपल्याच देशातल्या जुन्या खुर्चीचं किंवा गोधडीचं चित्र मागितलं की मात्र हाती काही लागायचं नाही. जॅविट्झबाईंनी आणि कापडाचे नमुने करणाऱ्या रूथ रीव्ह्ज यांनी मिळून ही उणीव केहिल यांच्या विभागापुढे मांडली. म्हणजे आधी गरज होती. हात रिकामे झाले तेव्हा ती भागवणारी माणसं मिळाली. ‘हात गुंतवून ठेवायची सोय’ असा जो संशय तुम्हाला येतो, त्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे.

1935 ते 1942 या काळात तीसहून अधिक राज्यांतल्या शेकडो चित्रकारांनी अठरा हजारांवर जलरंगचित्रं केली. त्यांत जहाजाच्या नाळेवरच्या कोरीव मूर्ती होत्या, जत्रेतल्या फिरत्या चक्राचे लाकडी घोडे होते, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची साधी कपाटं, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतकऱ्यांच्या रंगवलेल्या पेट्या, मुलींनी टाके शिकताना भरलेली कापडं, कथलाची भांडी, दगडी मातीचे बुधले आणि बाहुल्याही होत्या. तुमच्या फुलांच्या डब्याचे भाऊबंद तर कितीतरी सापडतील. ही चित्रं आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत आणि तिच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. हे पत्र वाचून झाल्यावर दोन चित्रं उघडून पाहा.

पहिलं मॅग्नस फॉसम यांचं. विणलेल्या पलंगपोसाचं आहे, ‘बॉस्टन टाउन’ नावाच्या नमुन्याचं. फ्लोरिडात कोरल गेबल्स इथे फेब्रुवारी 1940 मध्ये ते हे चित्र करत असताना कुणीतरी त्यांचा फोटो काढला आणि तोही जपला गेला. मूळ पलंगपोस 1770 चा. त्यातली वीण कागदावर आणायची म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पातळ रंगाचा एक हात, तो वाळेपर्यंत थांबणं, पुन्हा एक हात, आणि प्रत्येक धागा कुठे वर येतो आणि कुठे खाली जातो ते न चुकता पाहणं.

दुसरं लुसील शाबो यांचं. न्यूबरीपोर्ट, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका चर्चवर वाऱ्याची दिशा दाखवणारा तुतारी फुंकणारा देवदूत होता, साधारण 1840 चा. त्याचं हे चित्र. 1965 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने नाताळसाठी पाच सेंटचं तिकीट काढलं त्यावर हाच देवदूत होता. मंदीच्या दिवसांत बसून एका तरुण बाईने काढलेलं चित्र पंचवीस वर्षांनी घरोघरच्या पाकिटांवर गेलं.

आता तुमच्या मित्राचा प्रश्न. ‘यात तू कुठे आहेस?’ हा प्रश्न तेव्हाही होता. फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये भिंतीवर मोठी चित्रं करणाऱ्यांना जेवढा मान होता तेवढा ‘इंडेक्स’वाल्यांना नव्हता. त्यांच्यापैकी बरेच जण तुमच्यासारखे, छपाईसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रं करणारे होते. काहींना स्वतःलाही हे काम कंटाळवाणं वाटायचं. आणि नियम कडक होते, अगदी छापील पुस्तिकाच होती. वस्तू पानावर एकटी, मागे मोकळा कागद. मोजमाप बरोबर. भावना ओतायच्या नाहीत. ही पद्धत बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधून आली. जोसेफ लिंडन स्मिथ यांनी इजिप्तमधल्या थडग्यांची आणि मूर्तींची चित्रं पुरातत्त्वाच्या नोंदीसाठी याच पद्धतीने केली होती. त्यांच्याकडे शिकलेल्या सुझॅन चॅपमन यांनी ती ‘इंडेक्स’च्या चित्रकारांना शिकवली. फॅरोंच्या मूर्तीसाठी वापरलेली शिस्त आता लोणी घुसळायच्या भांड्यासाठी वापरायची होती. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. एखाद्या अनाम सुताराच्या हातच्या कामाला तुम्ही राजाच्या मूर्तीइतका वेळ देता, तेव्हा तुम्ही एक बाजू घेतलेली असते. मित्राला सांगा, मी तिथे आहे.

थोडं माझंही सांगते. तरुणपणी मी एका संग्रहालयाच्या सूचीसाठी तीन वर्षं मातीची भांडी काढली. पहिले सहा महिने माझी चित्रं परत यायची. मला कारण कळेना, कारण ती देखणी होती. शेवटी तिथल्या बाईंनी एक भांडं माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. कड एका जागी दबलेली होती. कुंभाराचा अंगठा तिथे जास्त टेकला होता. मी माझ्या चित्रात ती कड सरळ केली होती. त्या दिवसानंतर चित्रं परत येणं थांबलं.

म्हणून तुमच्या फणीवर मी थांबले. तुम्ही ते दात का पूर्ण केलेत हे मला समजतं. नऊ महिने आजूबाजूला सगळंच मोडतं आहे, निदान कागदावर तरी एक वस्तू धड असावी असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते चित्र बाजूला ठेवा आणि फणी पुन्हा काढा. तुटलेल्या दातांच्या जागी नेमकं काय आहे ते पाहा. मोड ताजी आहे की वापराने गुळगुळीत झाली आहे? गुळगुळीत असेल तर दात गेल्यावरही कुणीतरी वर्षानुवर्षं तीच फणी वापरत राहिलं. ही माहिती त्या फणीवर दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही आणि तुमच्या पहिल्या चित्राने ती पुसली.

पूर्ण करायचंच असेल तर त्याचीही रीत आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ‘इंडेक्स’च्या चित्रकारांनी जुन्या स्पॅनिश मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या ठाण्यांच्या, भिंतींवरची नक्षी काढली. ती बरीच पुसट झाली होती, म्हणून त्यांनी ती मूळ कशी असेल तशी उभी केली. पण चित्राच्या नावातच लिहिलं, ‘पुनर्रचनेचं रेखाटन’. तुमच्या पहिल्या फणीखाली तेवढेच दोन शब्द लिहा. मग तीही ठेवता येईल.

भावाला फार मोठं उत्तर द्यायची गरज नाही. तेव्हा रंगीत फोटो महाग होते आणि त्यांचा रंग टिकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून जलरंग निवडले गेले. ते कारण आज उरलेलं नाही, हे मान्य करा. त्याचा फोटोही घ्या, नोंदीला लागेल. पण फोटो काढताना तो दोन मिनिटं फणीकडे पाहतो आणि तुम्ही दोन दिवस. कापडावरची चमक, सावलीत बुडालेली शिवण, घासून गेलेला रंग यांतलं काय ठळक दाखवायचं आणि काय मागे ठेवायचं, हे हाताला ठरवता येतं. पुरातत्त्वाचे लोक उत्खननातल्या वस्तू आजही हाताने काढून घेतात, वनस्पतींचे अभ्यासकही. हे मी केवळ तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. पुढे पैशांबद्दल बोलताना त्याकडे परत येणार आहे.

त्याआधी एक तक्रार. तुमच्या पत्रात कंदील, फणी, बाहुली आणि डबा आहे, पण त्यांतली एकही वस्तू कुणी केली, कुणाची होती, तुमच्याकडे कशी आली हे नाही. ‘इंडेक्स’च्या प्रत्येक चित्राबरोबर एक नोंदपत्र असायचं. वस्तू काय, कशाची, किती मापाची, साधारण कधीची, माहीत असेल तर करणाऱ्याचं नाव, आणि सध्या कुणाच्या ताब्यात. चित्रकार संग्रहालयांत जायचे, तसे लोकांच्या घरीही जायचे आणि हे सगळं विचारून घ्यायचे. माझ्या मते त्या अठरा हजार चित्रांना ‘संग्रह’ हे नाव शोभतं ते या कागदांमुळे. ते नसते तर उरल्या असत्या फक्त अठरा हजार देखण्या वस्तू. तुमची बाहुली कुणी शिवली? ते सांगू शकणारं माणूस हयात असेल तर चित्र नंतर करा, आधी त्याच्याकडे जा. चित्र दहा वर्षांनीही काढता येतं.

आणि काय काढत नाही याचीही वही ठेवा. ‘इंडेक्स’ची एक चूक मला बोचते. युरोपातून आलेल्या लोकांच्या परंपरा म्हणजेच अमेरिकेची कला, अशी त्यांनी कुंपणं घातली. मूळ रहिवाशांच्या वस्तू मानववंशशास्त्रज्ञांचा विषय म्हणून वगळल्या आणि कृष्णवर्णीयांच्या हातचं फार थोडं घेतलं. शिवाय साधारण 1900 नंतरचं जवळजवळ काही नाही. एवढी मायेने पाहणारी माणसंही कुठे पाहायचं नाही हे आधीच ठरवून बसली होती. तुमच्या यादीत सगळं जुनं आणि हातचं आहे. घरातली रोज हाताळली जाणारी, जिच्याकडे कुणी पाहत नाही अशी एखादी प्लॅस्टिकची वस्तू या आठवड्यात काढून पाहा.

आता नवऱ्याबद्दल आणि बिलांबद्दल. हे मी शेवटी ठेवलं, पण माझ्या मनात पत्र वाचल्यापासून हेच आहे.

लुसील शाबो, मॅग्नस फॉसम आणि बाकीच्या सगळ्यांना पगार मिळत होता. न्यूयॉर्कमध्ये तो आठवड्याला साधारण 23-24 डॉलर होता. फार नव्हता, आणि तो मिळवण्यासाठी बहुतेकांना आधी आपण गरीब आहोत हे सरकारी माणसापुढे सिद्ध करावं लागे. तोही पक्का नव्हता. कपातीच्या विरोधात न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी 1 डिसेंबर 1936 रोजी कार्यालयात ठिय्या दिला तेव्हा दोनशेहून अधिक जणांना अटक झाली. 1939 च्या कायद्याने सलग अठरा महिने कामावर असलेल्यांना काढून टाकायचं ठरलं. 1942 पर्यंत युद्धामुळे ‘इंडेक्स’चं काम आटोपलं. पुढे ती चित्रं नॅशनल गॅलरीकडे गेली म्हणून वाचली, कारण त्याच फेडरल आर्ट प्रोजेक्टच्या काही रंगवलेल्या कॅनव्हासांची युद्धकाळात न्यूयॉर्कमध्ये भंगार म्हणून वजनावर विक्री झाली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की मंदीतल्या चित्रकारांची गोष्ट आपण हल्ली फार गोड करून सांगतो. वाईट दिवस आले, कलाकार साध्या वस्तूंकडे वळले आणि त्यांना शांती मिळाली, अशी. त्यांना शांती मिळाली असेल, मिळाली असावी असं मला चित्रांकडे पाहून वाटतंही. पण त्यांना भाडं भरायला पैसेही मिळत होते आणि ते पैसे टिकावेत म्हणून त्या माणसांनी अटकही सोसली. तुम्हाला कुणी पगार देत नाही. म्हणून तुमच्या चाळीस चित्रांवर नऊ महिन्यांच्या बेकारीचं ओझं टाकू नका. ती चित्रं चांगली असतील तरी बेकारी कमी होत नाही, आणि बेकारी आहे म्हणून चित्रं निरर्थक ठरत नाहीत. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळेच दार उघडून नवरा आत आला की तुम्हाला ब्रश लपवावासा वाटतो.

तो काही बोललेला नाही. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही लावला आहे. आज रात्री चाळीस चित्रं जमिनीवर मांडा आणि त्याला बोलवा. समर्थन करू नका, फक्त दाखवा. मग हिशेब काढा. दोघं मिळून बसा, किती महिने निघतील, कुठे ओढाताण होते, ते आकड्यांत लिहा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत मनातली रक्कम कागदावरच्या रकमेपेक्षा मोठी असते. तुमच्याकडे उलट निघालं, तर चित्रकलेबाहेरचं काम काही दिवस घ्यायला कचरू नका. त्याने तुमचं चित्रकार असणं जात नाही.

वेळ बांधून घ्या. दिवसा आठ तास बेकार आणि रात्री चित्रकार हे उलटं चाललं आहे. सकाळचे दोन तास काम मागण्यासाठी ठेवा आणि मग तीन तास वस्तूंसाठी, उजेडात. रात्रीच्या दिव्याखाली रंग फसवतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि काम मागताना आजवरच्या जाहिरातींचे नमुने पाठवू नका. त्या चाळिसांतली बारा निवडा, नोंदीसकट. अचूक चित्र लागणारे लोक वेगळे असतात: संग्रहालयांच्या सूच्या काढणारे, उत्खननाचे अहवाल छापणारे, वनस्पतींवर आणि हस्तकलेवर पुस्तकं करणारे, शिकवण्याच्या पुस्तकांचे प्रकाशक. त्यांच्याकडेही पैसा मुबलक नसतो आणि दहांतले आठ उत्तर देणार नाहीत. पण त्यांना काय हवं असतं ते तुम्ही गेले सात महिने न मागता करत आला आहात, आणि आजवर तुम्ही त्यांचं दार वाजवलेलंच नाही. पैसे किती घेणार ते पहिल्याच पत्रात लिहा. ‘तुम्ही द्याल ते’ असं लिहू नका.

बारा चित्रांत फणी असू द्या. नवी, तुटलेल्या दातांची. तिच्याखाली लाकूड कोणतं, लांबी किती, कुणाची, कधीपासून घरात, हे लिहा. जे कळणार नाही तिथे ‘माहीत नाही’ लिहा आणि जागा मोकळी सोडा. बाहुलीचं विचारायला कुणाकडे जायचं असेल तर या रविवारीच जाऊन या. सोमवारी सकाळी पहिली दोन पत्रं पाठवा, आणि मग फणी घेऊन खिडकीपाशी बसा.

तुमची,
ताई